गॉसिपॉलचे चार नंबर आणि विद्यापीठाचं कुलूप

सरकीचा एक दाणा ब्लेडने मधोमध कापून बघा. आतल्या पिवळसर गरात टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांत गॉसिपॉल असतं, किडीपासून बी वाचावं म्हणून कपाशीने स्वतःच साठवलेलं विष. मोठ्या गाई-म्हशींच्या पोटात ते बरंचसं बांधलं जातं, म्हणून खान्देशात सरकीची ढेप पिढ्यान्‌पिढ्या दुभत्या जनावरांपुढे टाकली जाते आणि बिघडत काही नाही. लहान वासराला आणि कोंबडीला ती सोय नाही. नवापूरच्या पट्ट्यातल्या एखाद्या अंड्यांच्या पोल्ट्रीत खाद्य स्वस्त पडावं म्हणून सरकीची ढेप वाढवली, तर साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडू लागतो. बलकातलं लोह आणि गॉसिपॉल एकत्र आल्याचा तो रंग.

आता प्रश्न सुरू होतात. ढेपेत किती गॉसिपॉल आहे हे मोजायचं कसं? त्याला बांधायचं कशाने, किती मात्रेत? हे सगळं छापून आलेलं आहे आणि कैक वेळा तपासलेलंही आहे. पण ते शोधून काढायची खरी सोय, म्हणजे रसायनशास्त्राचा डेटाबेस, विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पासवर्डमागे असते. ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याला हा प्रश्न पडलेला नसतो. ज्याला प्रश्न पडलाय त्याला असं काही असतं हेच ठाऊक नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. लोकांच्या पैशातून चालणाऱ्या विद्यापीठाने असा डेटाबेस घेतला, की तो जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांपर्यंत आणि प्रश्न घेऊन आलेल्या कुठल्याही माणसापर्यंत पोचला पाहिजे. त्यासाठी वर्गणीच्या आधी, शोध घेता येणारा एक पूर्णवेळ माणूस नेमला पाहिजे. माणसाशिवाय वर्गणी हा वाया जाणारा पैसा आहे.

हे वाया जाणं कसं घडतं ते कळायला या डेटाबेसची जात समजून घ्यावी लागते. गुगलमध्ये आपण शब्द शोधतो. रसायनात शब्दावर भरवसा ठेवून भागत नाही. फळं पिकवायचं औषध घ्या: इथेफॉन म्हणा, २-क्लोरोइथिल फॉस्फॉनिक अ‍ॅसिड म्हणा, नाहीतर कृषी सेवा केंद्राच्या फळीवरचं कंपनीचं नाव सांगा, बाटलीत पदार्थ एकच. उलट ‘कार्बाइड’ या एका शब्दाखाली डझनभर वेगळे पदार्थ येतात. म्हणून अमेरिकेतल्या केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसने, म्हणजे सीएएसने, १९६५ साली प्रत्येक पदार्थाला एक कायमचा नोंदणी क्रमांक द्यायला सुरुवात केली. १९०७ पासून छापील स्वरूपात येणारं त्यांचं सूचिकार्य आज सायफाइंडर या नावाने पडद्यावर आहे, आणि त्यातल्या पदार्थांची संख्या २० कोटींच्या पुढे गेली आहे. दुसरा मोठा डेटाबेस रिअ‍ॅक्सिस. तो २००९ साली आला, पण त्याच्या पोटात बाइलश्टाइन आणि ग्मेलिन या जर्मन संदर्भग्रंथांचं एकोणिसाव्या शतकापासूनचं काम आहे. दोन्हींत पदार्थ नावाने शोधता येतो, क्रमांकाने येतो, रेणुसूत्राने येतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडद्यावर रेणूची आकृती काढूनही येतो.

गॉसिपॉलवरच हे करून बघू. क्रमांक ३०३-४५-७. डेटाबेसच्या खिडकीत तो इंग्रजी अंकांत, मधल्या आडव्या रेघांसकट टाकायचा. नोंद उघडते, सूत्र सी३०एच३०ओ८, रेणुभार ५१८.५ च्या थोडा वर. आणि इथेच नवखा माणूस थांबतो, कारण त्याला वाटतं पदार्थ सापडला. खरं तर हा क्रमांक डाव्या-उजव्याचा विचार न केलेल्या गॉसिपॉलचा आहे. या रेणूत नॅप्थॅलिनचे दोन भाग एका बंधाने जोडलेले असतात, आणि आजूबाजूच्या गर्दीमुळे तो बंध मोकळा फिरू शकत नाही. त्यामुळे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपं वेगळी टिकून राहतात. उजव्या वळणाच्या रूपाचा क्रमांक २०३००-२६-९, डाव्याचा ९०१४१-२२-३. प्रयोगशाळेसाठी बाटलीत विकत मिळतं ते पुष्कळदा अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडशी जोडलेलं असतं, त्याचा क्रमांक १२५४२-३६-८. असे चार नंबर झाले.

ही नुसती कारकुनी आहे असं समजू नका. दोन रूपांपैकी डावं रूप शरीरावर जास्त परिणाम करतं. आपल्याकडच्या अमेरिकन वाणाच्या कपाशीत सहसा उजवं जास्त असतं, तर इजिप्शियन-पिमा जातीत डावं जास्त. कोंबडीच्या खाद्याबद्दलचा एखादा शोधनिबंध पिमाच्या सरकीवर केलेला असेल, तर त्यातला आकडा उचलून खान्देशातल्या ढेपेला लावता येत नाही. फक्त पहिल्या नंबरावर शोध घेणाऱ्याच्या हातून हे फरक दाखवणारे निबंध निसटू शकतात. शोध घेताना चारही नंबर ‘किंवा’ने जोडायचे असतात. हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात. शिकवणारा कोणी नसला तर पीएच्.डी. संपेपर्यंत ते समजत नाही.

पुढे वितळणबिंदू. रिअ‍ॅक्सिसमध्ये गॉसिपॉलच्या वितळणबिंदूखाली वेगवेगळे आकडे दिसतात: १८४ अंश, १९९ अंश, २१४ अंश सेल्सिअस. विद्यार्थी गोंधळतो आणि सरासरी काढतो, किंवा स्वतःच्या नमुन्याशी जुळणारा आकडा उचलतो. तिन्ही आकडे बरोबर आहेत. ईथरमधून स्फटिक काढले तर १८४, क्लोरोफॉर्ममधून १९९, लिग्रोइनमधून २१४. स्फटिकात रेणूंची मांडणी वेगळी होते. आकड्याशेजारच्या रकान्यात द्रावक लिहिलेला असतो, तो वाचायचा असतो. उत्कलनबिंदूचं तसंच. शेजारी दाब लिहिलेला असतो, आणि अर्ध्या टॉरवरचा, म्हणजे जवळपास निर्वात दाबावरचा, उत्कलनबिंदू साध्या हवेच्या दाबावरचा समजून ऊर्ध्वपातन मांडलं की दिवसभर काहीच उकळत नाही. सायफाइंडरमध्ये प्रयोगाने मिळालेले गुणधर्म आणि संगणकाने अंदाजलेले गुणधर्म असे दोन वेगळे भाग असतात. अंदाजलेला आकडा प्रबंधात ‘गुणधर्म’ म्हणून छापला जातो, कारण दशांशानंतर तीन अंक असले की आकडा भरवशाचा वाटतो.

आता मूळ प्रश्न. नोंदीवरून संदर्भांच्या यादीवर गेलं की हजारोंनी निबंध येतात. तिथे गाळण्या लावायच्या. सायफाइंडरमध्ये प्रत्येक संदर्भात पदार्थाची भूमिका नोंदलेली असते: विश्लेषण, दुष्परिणाम, नैसर्गिक आढळ, तयार करण्याची कृती. ‘विश्लेषण’ निवडलं की मोजण्याच्या पद्धती हाती येतात. जुनी पद्धत अ‍ॅनिलीनची: ढेपेतून गॉसिपॉल काढून घेऊन त्यावर अ‍ॅनिलीनची क्रिया करायची आणि सुमारे ४४० नॅनोमीटरवर पिवळ्या रंगाची तीव्रता मोजायची. साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयातही हे जमतं. नवी पद्धत एचपीएलसीची, म्हणजे मिश्रणातले घटक उच्च दाबाच्या द्रवाने वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची. तिच्यात एका विशिष्ट अमिनो-प्रोपॅनॉलशी जोडून डावं-उजवं वेगळं मोजता येतं. इथे आणखी एक फरक समजतो, मोकळं गॉसिपॉल आणि बांधलेलं गॉसिपॉल असा. घाण्यात किंवा एक्स्पेलरमध्ये सरकी तापते तेव्हा गॉसिपॉल प्रथिनांतल्या लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतं. विषारीपणा उतरतो, आणि सोबत लायसिनही जनावराला कमी मिळतं. माणसाच्या खाण्यातल्या सरकीजन्य पदार्थांसाठी अमेरिकेची मर्यादा ४५० भाग प्रति दशलक्ष आहे, ती मोकळ्या गॉसिपॉलची. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘एकूण’ गॉसिपॉल लिहिलेलं असेल आणि वाचणारा ते मोकळ्याच्या मर्यादेशी ताडत असेल, तर चांगली ढेपही नापास होते.

‘दुष्परिणाम’ आणि ‘बलक’ अशी गाळणी लावली की लोहाचा उपाय सापडतो. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, खाद्यात मिसळलं की लोह गॉसिपॉलला पकडून ठेवतं. अंड्यांच्या कोंबड्यांसाठी मोकळ्या गॉसिपॉलच्या चौपट लोह लागतं असं या निबंधांत येतं. चूक होते ती इथे: चौपट लोह, चौपट हिराकस नव्हे. फेरस सल्फेटचेही तीन नंबर आहेत. पाण्याचे सात रेणू असलेलं हिरवं हिराकस ७७८२-६३-०, त्यात लोह सुमारे २० टक्के. एक रेणू पाणी असलेलं १७३७५-४१-६, त्यात सुमारे ३३ टक्के. पूर्ण कोरडं ७७२०-७८-७, त्यात जवळपास ३७ टक्के. उदाहरणादाखल, ढेपेत किलोमागे १ ग्रॅम मोकळं गॉसिपॉल असेल, तर ४ ग्रॅम लोहासाठी सात-पाण्याचं हिराकस २० ग्रॅम लागेल आणि एक-पाण्याचं १२ ग्रॅम. ज्याने निबंधातला चारचा आकडा पाहून ४ ग्रॅम हिरवं हिराकस टाकलं, त्याने गरजेच्या पाचवा हिस्सा लोह दिलं. मग ‘पुस्तकातलं काही खरं नसतं’ असा शेरा मारून तो मोकळा होतो.

याच शोधात एक वेगळी गोष्टही हाती लागते. बलक हिरवट पडणं आणि अंड्याचा पांढरा भाग गुलाबी होणं या दोन तक्रारी पोल्ट्रीत एकाच दमात सांगितल्या जातात. गुलाबी रंगाला गॉसिपॉल जबाबदार नाही. सरकीच्या तेलातली स्टर्क्युलिक आणि मॅल्व्हॅलिक ही तीन कार्बनांचं कडं असलेली मेदाम्लं त्याला कारण आहेत. तिथे लोह कितीही घातलं तरी फायदा नाही, खाद्यातलं उरलेलं तेल कमी करावं लागतं. पदार्थ वेगळा, म्हणून उपाय वेगळा.

मी एवढा वेळ सरकीवर घालवला तो मुद्दाम. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली तेव्हापासून तेलबियांची रसायनं या भागाच्या रोजच्या व्यवहारात आहेत. जिनिंग, ऑइल मिल, ढेप, पोल्ट्री ही सगळी साखळी इथली आहे. तिच्यावरचं ज्ञान मात्र इथल्या माणसाला परकं राहतं.

केळीचं प्रकरणही बघा. रावेर-यावल पट्ट्यातली केळी पिकवताना कॅल्शियम कार्बाइड वापरायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे. बंदी का, असं विचारलं तर बहुतेक जण ‘त्यात विष असतं’ इतकंच सांगतात. आता एखाद्या विद्यार्थ्याने कार्बाइडचा नंबर, ७५-२०-७, डेटाबेसमध्ये टाकला तर त्याला काय दिसेल? पाण्याशी क्रिया होऊन अ‍ॅसिटिलीन वायू आणि विरलेला चुना. आर्सेनिकचा त्या सूत्रात पत्ताच नाही. तो ‘बंदी उगाच आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळा होऊ शकतो, आणि त्याने डेटाबेस बघितलेलाही असेल! गडबड अशी, की नोंद शुद्ध पदार्थाची असते आणि बाजारात मिळतं ते औद्योगिक कार्बाइड. त्यात फॉस्फरस आणि आर्सेनिकची अशुद्धी असते, पाणी लागलं की फॉस्फीन आणि आर्सीन हे विषारी वायू थोडे थोडे निघतात. हे शोधायचं तर नंबरासोबत ‘अशुद्धी’ किंवा ‘औद्योगिक प्रत’ हे शब्द जोडून संदर्भ बघावे लागतात. गुणधर्मांचं पान पुरत नाही.

त्याच्या उलट इथिलीन, ७४-८५-१. रायपनिंग चेंबरमध्ये १०० भाग प्रति दशलक्षपर्यंत त्याला परवानगी आहे. हवेत ते २.७ टक्क्यांच्या वर गेलं की पेट घेऊ शकतं, म्हणजे २७ हजार भाग. परवानगीची मात्रा आणि धोक्याची मात्रा यांच्यातलं अंतर या दोन आकड्यांत दिसतं. इथेफॉन, १६६७२-८७-०, हा इथिलीन सोडणारा पदार्थ. आम्लधर्मी द्रावणात ते टिकतं, सामू चारच्या वर चढू लागला की फुटून वायू सोडायला लागतं. बोअरचं खारट-चुनखडी पाणी वापरलं की फवारणीच्या टाकीतच ते काम करून बसतं. आणि नियमाप्रमाणे ते वायू तयार करण्यापुरतंच वापरायचं, केळीचे घड त्याच्या द्रावणात बुडवायचे नाहीत. केळी पिकवणाऱ्या माणसाला हे चार आकडे तोंडपाठ असायला हवेत. ते मराठीत एका पानावर मांडून द्यायला विद्यापीठाला काहीच खर्च नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जोराचा: फुकटचं असताना विकतचं कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. पबकेम २००४ पासून सर्वांना मोफत आहे, त्यात दहा कोटींहून अधिक संयुगं आहेत, आणि आकृती काढून शोधही घेता येतो. सीएएसचंच कॉमन केमिस्ट्री हे मोफत पान सुमारे पाच लाख नेहमीच्या पदार्थांचे नंबर देतं. वर दिलेले बहुतेक नंबर तिथे पडताळता येतील. कृषी सेवा केंद्रातल्या बाटलीवरच्या सक्रिय घटकाची चौकशी करायला सायफाइंडरची गरज नाही. मी तर म्हणेन, पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून पबकेम शिकवल्याशिवाय कुणाला विकतच्या डेटाबेसचा पासवर्डच देऊ नये.

पण पबकेममध्ये माहिती देणारे शेकडो आहेत आणि ज्याने जे दिलं ते तिथे दिसतं. धोक्याच्या चिन्हांखाली ‘इतक्या नोंदींपैकी इतक्यांनी असं सांगितलं’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ न वाचता नुसतं कवटीचं चित्र बघून लोक घाबरतात किंवा नुसतं उद्गारचिन्ह बघून निर्धास्त होतात. आणि विशिष्ट क्रिया कुणी, कुठल्या उत्प्रेरकाने, किती उताऱ्याने केली हे जुन्या जर्मन-रशियन साहित्यापासून पेटंटपर्यंत सलग शोधायचं असेल तर मोफत साधनं तोकडी पडतात.

दुसरा आक्षेप हल्लीचा: एआयला विचारा, लगेच सांगतं. सांगतं, हे खरं. त्याने दिलेला नंबर तपासायची एक युक्ती मात्र प्रत्येकाला यायला हवी. सीएएस नंबरातला शेवटचा अंक तपासणीचा असतो. इथेफॉनचा घ्या. शेवटचं शून्य बाजूला ठेवा. उरलेले अंक उजवीकडून एक, दोन, तीन असे गुणत जा: ७×१, ८×२, २×३, ७×४, ६×५, ६×६, १×७. बेरीज १३०. तिचा शेवटचा अंक शून्य, म्हणजे नंबर जुळला. या उरलेल्या अंकांतले शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले असतील तर ही बेरीज हमखास पकडते. सगळ्या चुका मात्र पकडत नाही. १६४७२-८७-० हा नंबर चुकीचा असूनही बेरजेत बसतो, कारण पाचव्या जागी दोनचा फरक पडला तर बेरजेत दहाचाच फरक येतो. अंदाजपंचे बनवलेला नंबरही दहातून एकदा बसतोच. म्हणून बेरीज ही पहिली चाळणी समजायची, आणि मग मूळ नोंद उघडून सूत्र बघायचं.

तिसरा आक्षेप असा की ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलंच आहे की. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एकाच वर्गणीतून संस्थांना संशोधन-नियतकालिकं देणाऱ्या या योजनेला मान्यता दिली, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. फार चांगलं काम झालं. पण त्यातून मिळतात ती नियतकालिकं. आकृती काढून पदार्थ शोधणारा डेटाबेस ही वेगळी वस्तू आहे. शिवाय ही योजना सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आखलेली आहे, आणि खान्देशातली बरीचशी महाविद्यालयं शिक्षणसंस्थांनी काढलेली, अनुदानित आहेत. म्हणजे गोदामाचं दार काहींसाठी उघडलं, पण कुठल्या फळीवर काय आहे ते सांगणारी वही हाती आली नाही.

संशोधनाचा दर्जा हा माझ्या दृष्टीने सगळ्यात दुखरा भाग आहे. आपल्याकडे एम.एस्सी.चे प्रकल्प आणि पीएच्.डी.चे विषय बघा. चाल्कोन, पायराझोलीन, शिफ बेस या सेंद्रिय संयुगांच्या गटांची मालिका करायची, जिवाणूंवर तपासायची, ‘नवी संयुगं’ म्हणून छापायची. विषय वाईट नाहीत. पण काम सुरू करण्याआधी रचना काढून शोध घेतला तर त्यातली किती संयुगं आधीच कुणी तरी बनवली आहेत ते अर्ध्या तासात समजतं. तो अर्धा तास कुणी देत नाही आणि मुलांची दोन वर्षं जातात. मुलं हुशार आहेत, मेहनतीही आहेत. त्यांना शोध घ्यायला न शिकवणं हा आपण मोठ्यांनी केलेला अन्याय आहे.

रचनेचा शोधही नीट घ्यावा लागतो. ‘जशी काढली तशी’ हा पर्याय निवडला तर तंतोतंत तोच रेणू येतो. ‘उपरचना’ निवडली तर तो सांगाडा पोटात असलेले सगळे येतात, आणि साधा चाल्कोन टाकला तर यादी हाताबाहेर जाते. ज्या जागी काही जोडलेलं नको तिथे कुलूप लावायची खूण असते, कड्याला दुसरं कडं चिकटू नये म्हणून वेगळं कुलूप असतं. पायराझोलीनमधला दुहेरी बंध चुकीच्या जागी काढला की शून्य निकाल येतो, आणि शून्य बघून माणूस हरखतो: माझं संयुग नवं! शून्य आलं की आधी स्वतःच्या आकृतीवर संशय घ्यावा. क्षार, जलयुक्त रूप, प्रोटॉनची जागा बदललेलं रूप टाकून पाहावं. पेटंटमध्ये एका आकृतीखाली हजारो रेणूंवर हक्क सांगितलेला असतो, तो मार्कुश शोधात वेगळा बघावा. आणि आपल्याच शेजारच्या महाविद्यालयात हेच काम आधी झालंय का, ते शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएच्.डी. प्रबंधांच्या मोफत संकेतस्थळावर, जाऊन बघावं.

राहिला परवान्याचा प्रश्न. शैक्षणिक परवाना विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी यांच्यापुरता असतो आणि धंद्यासाठी वापर चालत नाही. ही अट पाळलीच पाहिजे. एमआयडीसीतल्या कारखान्याला नवं उत्पादन काढायचं असेल तर त्याने स्वतःची वर्गणी भरावी. पण करार करतानाच ‘ग्रंथालयात प्रत्यक्ष येणारा वाचक’ आणि ‘संलग्न महाविद्यालयांचे शिक्षक-विद्यार्थी’ हे दोन शब्द त्यात घालून घेता येतात. वाटाघाटीच्या टेबलावर ते मागावे लागतात. वर्गणीचा दर संस्थेगणिक ठरतो आणि जाहीर होत नाही, तेव्हा मागण्याची ताकद विद्यापीठाकडे असते, एकट्या महाविद्यालयाकडे नसते. आवाराबाहेरून लॉगिनची सोय विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या इन्फेड व्यवस्थेतून होऊ शकते. अक्कलकुव्याच्या प्राध्यापकाला एका शोधासाठी जळगावला यायला लावलं तर जाऊन-येऊन दिवस मोडतो आणि पुढच्या वेळी तो येत नाही.

एक शिस्त मात्र कडक हवी. कुणी एका रात्रीत हजारो नोंदी उतरवून घेतल्या की कंपनीची यंत्रणा पूर्ण विद्यापीठाचा प्रवेश बंद करते, आणि पीएच्.डी.च्या शेवटच्या टप्प्यातली मुलं अडकून पडतात. हे पहिल्याच दिवशी सांगावं.

पैशाचा हिशेबही उघडा असावा. अशा डेटाबेसच्या वापराचे आकडे कंपनीकडून दरमहा मिळू शकतात: किती शोध झाले, किती नोंदी उघडल्या, किती जणांना एका वेळच्या वापरकर्त्यांची मर्यादा भरली म्हणून परत जावं लागलं. हे तीन आकडे आणि भरलेली रक्कम ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावावी. शोध कमी असतील तर वर्गणी तोडायची घाई करू नये, आधी शिकवणाऱ्याची जागा भरली आहे का ते बघावं.

आणि नागरिकांसाठी एक खिडकी. तिथे साधा छापील अर्ज असावा, मराठीत. पदार्थाचं दुकानातलं नाव, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेला सक्रिय घटक आणि त्याची टक्केवारी, एसएल-ईसी-डब्ल्यूपी (पाण्यात विरघळणारं द्रव, तेलकट द्रव की पाण्यात मिसळायची भुकटी) यांपैकी काय ते, लेबलच्या त्रिकोणाचा रंग, पदार्थ कशात मिसळला, कशावर वापरला आणि नेमकं काय जाणून घ्यायचं आहे. विषबाधा झालेली असेल तर ही खिडकी त्यासाठी नाही, बाटली घेऊन थेट दवाखान्यात जा, हे अर्जाच्या माथ्यावर ठळक छापावं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेतकऱ्यांचे जीव गेले. अंगावर नेमकं काय गेलं हे डॉक्टरला कळणं अशा वेळी किती मोलाचं असतं, ते सांगायला नको. सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या विषाला अ‍ॅट्रोपीनसारखा ठरलेला उतारा आहे, नव्या गटांतल्या अनेक औषधांना तसा उतारा नाही.

बाकीच्या प्रश्नांना चार दिवसांत एक पानी उत्तर द्यावं. उत्तरात पदार्थाचा नंबर असावा, क्षाराचा की आम्लाचा, पाण्यासकट की कोरड्याचा ते लिहावं. प्रत्येक आकड्यापुढे तो प्रयोगातला आहे की अंदाजाचा, कुठल्या जातीच्या पिकावर किंवा जनावरावर घेतलेला, कुठल्या वर्षीचा, हे यावं. खाली शोध घेणाऱ्याची सही, तारीख आणि ज्या शब्दांनी व नंबरांनी शोध घेतला ती ओळ, म्हणजे सहा महिन्यांनी दुसरा कुणी तोच प्रश्न घेऊन आला तर तिथून पुढे सुरुवात करता येईल.